हे बंद पडलं तर? बिलिंग काउंटरचं सामान घेण्याआधी



गेल्या महिन्यात लातूरहून एका ताईंनी एका कोटेशनचा फोटो पाठवला. त्यांचं किराणा आणि सुट्या डाळींचं दुकान आहे, साधारण चारशे चौरस फुटांचं. आतापर्यंत सगळं वहीवर आणि कॅल्क्युलेटरवर चाललंय. यजमान गेल्यापासून दुकान त्या एकट्याच बघतात, संध्याकाळी कॉलेजातली मुलगी मदतीला येते. यंदा त्यांना भिशी लागली. त्या पैशातून काउंटरवर बिलिंगची सिस्टीम बसवायची, असं त्यांच्या मनात होतं.

कोटेशन असं होतं. ऑल-इन-वन टच मशीन ४६,०००. टेबलावर ठेवायचा ओम्नी स्कॅनर ११,५००. थर्मल प्रिंटर ९,०००. कॅश ड्रॉवर ३,८००. गिऱ्हाईकाला रक्कम दाखवणारा पोल डिस्प्ले ५,५००. लेबल प्रिंटर १३,०००. सॉफ्टवेअर १२,०००. एकूण १,००,८००, आणि खाली बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा". १८ टक्के धरले की झाले १,१८,९४४. खाली ताईंचा एकच प्रश्न: "दादा, एवढं सगळं लागतं का?"

लागतं की नाही ते पुढे बघू. पण कोटेशन बघून मला माझी स्वतःची दिवाळी आठवली, २०१९ ची. ती आधी सांगतो, कारण आज काउंटरच्या सामानाबद्दल मी जे काही शिकवतो ते त्या एका संध्याकाळी शिकलोय.

बीबीए झाल्यावर मी पुण्यात एका मोठ्या रिटेल स्टोअरमध्ये चार वर्षं नोकरी केली आणि मग कराडला पप्पांच्या दुकानात आलो. डोक्यात मॉलचं काउंटर होतं. पप्पांनी तीस वर्षं कार्बनच्या बिलबुकावर धंदा केलेला. मी पुण्याहून ५२ हजारांचं टच मशीन आणलं. स्क्रीन, कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं एकाच डब्यात. दिसायला एकदम झकास! पप्पांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे बंद पडलं तर?" मी म्हटलं, "पप्पा, वॉरंटी आहे."

२५ ऑक्टोबर २०१९, धनत्रयोदशी. त्या दिवाळीत पाऊस काही जायला तयार नव्हता, आठवत असेल तुम्हाला. लाइट ये-जा करत होती. संध्याकाळी सातला दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मशीनच्या आतल्या प्रिंटरचा कटर अडकला. लाल दिवा. झाकण उघडेना. बिल प्रिंट झाल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढचं बिल घेईना (घेतं, त्याचं सेटिंग असतं, हे मला नंतर कळलं). आणि खरी गंमत पुढेच आहे. कॅश ड्रॉवर प्रिंटरच्या इशाऱ्यावर उघडतो. प्रिंटर बंद म्हणजे गल्ला बंद. ड्रॉवरची चावी घरी, देवघराखालच्या कप्प्यात. म्हणजे माझ्याकडे माल होता, गिऱ्हाईक होतं, आणि शंभराच्या नोटेवर परत द्यायला वीस रुपये नव्हते.

लोक दहा मिनिटं थांबले. मग एकेक जण बास्केट तिथंच ठेवून समोरच्या दुकानात गेला. रात्री मी आणि आमचा मुलगा (दुकानातला हो, माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं) त्या बास्केट्स रिकाम्या करून माल परत लावत होतो. चौदा भरल्या. पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी खालच्या ड्रॉवरमधून बिलबुक काढलं आणि पुढचे तीन दिवस ते हाताने बिलं करत बसले. मशीन पुण्याला, तिथून कंपनीकडे. परत आलं एकोणीस दिवसांनी. प्रिंटर बिघडला होता, पण तो डब्याच्या आत असल्यामुळे कॉम्प्युटरपण गेला, स्क्रीनपण गेली आणि सगळा डेटापण गेला एकोणीस दिवसांच्या सुट्टीवर.

तेव्हापासून काउंटरची कोणतीही वस्तू घेताना मी पप्पांचाच प्रश्न विचारतो. किती फास्ट आहे, हे नंतर. बंद पडल्यावर मी किती मिनिटांत पुन्हा बिल करायला लागेन, हे आधी.

आता दुसरी गोष्ट, जी खरेदीच्याही आधी करायची आहे. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि तुमच्या सगळ्यात गर्दीच्या संध्याकाळी वीस बिलं मोजा. गिऱ्हाईक काउंटरवर माल ठेवतं तिथपासून पिशवी उचलतं तिथपर्यंत. भाव शोधायला किती सेकंद, वजनाला किती, पैसे घ्यायला किती, पिशवी भरायला किती, असं वेगवेगळं लिहा. मी मोजलं तेव्हा आमच्याकडे सरासरी अकरा वस्तूंचं बिल होतं. भाव विचारण्यात आणि टाइप करण्यात सत्तर सेकंद जात होते, यूपीआयची खात्री करण्यात पंचवीस आणि पिशवी भरण्यात चाळीस. म्हणजे स्कॅनर पाहिजेच होता. पण तो दोन हजारांचा आहे की अकरा हजारांचा याने त्या सत्तर सेकंदांत फार तर तीन-चार सेकंदांचा फरक पडणार होता. उलट पिशवी भरायला एक पोरगा शेजारी उभा केला, तर चाळीस सेकंद थेट वाचत होते. मशीन विकणारा हे सांगणार नाही, कारण पोरगा तो विकत नाही.

ताईंनाही हेच करायला लावलं. त्यांचं उत्तर वेगळंच आलं. त्यांच्याकडे निम्म्याहून जास्त माल सुटा. तूरडाळ, चणाडाळ, पोहे, शेंगदाणे. सगळा वेळ काट्यापाशी जातो. बारकोडची पाकिटं बिलात फार तर चार-पाच. मग अकरा हजारांचा ओम्नी स्कॅनर, जो सुपरमार्केटमध्ये मिनिटाला ढीगभर वस्तू समोरून सरकवायला असतो, तो कशासाठी?

आता एकेक वस्तू बघू.

कॉम्प्युटर. माझं मत सरळ आहे. लहान दुकानाने सुटे भाग घ्यावेत. छोटा मिनी पीसी, साधी स्क्रीन, साधा कीबोर्ड. रिफर्बिश्ड मिनी पीसी पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, आणि आता तर तालुक्याच्या गावीही कॉम्प्युटरवाले ठेवतात. एसएसडी आणि आठ जीबी रॅम असली की बिलिंगला पुष्कळ झालं. स्क्रीन गेली, तर घरातल्या टीव्हीलाही जोडून त्या दिवसाचं काम निघतं. कीबोर्ड गेला, तर चारशे रुपयांत शेजारच्या दुकानातून नवा. टच स्क्रीन कपड्याच्या किंवा कॅफेच्या काउंटरवर शोभते. किराण्यात तेलाचा, गुळाचा हात लागतो, आणि आकडे टाइप करायला नंबर पॅडइतकं फास्ट काही नाही. पिठाची धूळ पंख्यातून आत जाते, म्हणून पीसी जमिनीवर ठेवू नका. काउंटरच्या आतून वरच्या बाजूला टांगा आणि दोन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारा.

प्रिंटर. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त फोन मला याचेच येतात.

थर्मल प्रिंटर दोन मापांत येतो, ५८ मिमी आणि ८० मिमी. आपण दोन इंची-तीन इंची म्हणतो तेच. दोन इंचीवर एका ओळीत साधारण ३२ अक्षरं बसतात, तीन इंचीवर ४८. चहाच्या टपरीला, पार्सल काउंटरला दोन इंची बास. पण बिलावर दुकानाचं नाव, पंधरा अंकी जीएसटी नंबर, आणि खाण्याच्या वस्तू विकत असाल तर चौदा अंकी एफएसएसएआय नंबर (तो बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे), शिवाय वस्तू, नग, एमआरपी, आपला भाव, रक्कम. दोन इंचीत हे सगळं कोंबलं की एकेका वस्तूच्या दोन-दोन ओळी होतात आणि बिल हातभर लांब. किराण्याला तीन इंचीच घ्या.

मराठीत बिल पाहिजे असेल, तर एक गोष्ट दुकानातच तपासा. बहुतेक थर्मल प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, देवनागरी नसतात. सॉफ्टवेअरने नुसती अक्षरं पाठवली की "तूरडाळ"च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून येते. मराठी छापायचं तर सॉफ्टवेअरला पूर्ण बिल चित्रासारखं पाठवावं लागतं. ते जमतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअरला नाही, आणि छपाई थोडी सावकाश होते. डीलर "होतं हो सर मराठी" म्हणाला, तर म्हणायचं, "आत्ता काढून दाखवा." आणि शब्द जोडाक्षराचा द्यायचा, "चक्की ताजा" किंवा "द्राक्ष". तिथे खरं काय ते कळतं.

कटर म्हणजे कागद आपोआप कापणारं पातं. गर्दीत सोयीचं आहे, पण अडकणारा भागही तोच. पुष्कळ प्रिंटरना पुढचं छोटं कव्हर काढलं की एक चाक असतं, ते बोटाने फिरवलं की पातं मागे जातं. ते चाक कुठे आहे, हे मशीन घेतानाच डीलरकडून दाखवून घ्या आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करून ठेवा. त्या धनत्रयोदशीला मला एवढंच माहीत असतं तर पुरलं असतं. प्रिंटरचा ॲडॉप्टरसुद्धा वेगळा असतो, बहुतेक वेळा २४ व्होल्टचा. लाइट वरखाली झाली की प्रिंटरच्या आधी तो जळतो आणि आपल्याला वाटतं प्रिंटरच गेला. त्याच व्होल्टचा आणि त्याच पिनचा एक जादा ॲडॉप्टर कपाटात असू द्या.

कागदाचं तर एक मजेशीर गणित सांगतो. रोलवर लिहिलेलं असतं ५० मीटर. आत जाड पुठ्ठ्याची नळी, कागद प्रत्यक्षात किती ते देवाला ठाऊक. आपण दुकानदार, काटा आपल्याकडे आहेच. कागद ७९ मिमी रुंद, ५५ जीएसएमचा आणि खरंच ५० मीटर असेल, तर नुसत्या कागदाचं वजन साधारण २१७ ग्रॅम भरायला पाहिजे. नळी काढून रोल काट्यावर ठेवा. आमच्याकडे एकदा दीडशे ग्रॅमवर काटा थांबला होता. त्या पोऱ्याने त्यानंतर आम्हाला पुन्हा रोल आणून दिला नाही, बरंच झालं!

थर्मल बिल उडतं. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, तेल लागलं की अक्षरं पुसट होतात. त्यामुळे मिक्सर, घड्याळ, बॅटरी असं वॉरंटीचं सामान विकत असाल, तर गिऱ्हाईकाला "बिलाचा फोटो काढून ठेवा" एवढं सांगा. आणि तुमचा स्वतःचा रेकॉर्ड त्या चिटोऱ्यावर नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे. जीएसटीत हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणून रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, "उद्या मी तुमचं सॉफ्टवेअर बंद केलं, तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का?" उत्तर देताना तो पाणी प्यायला लागला, तर समजून जा.

कॅश ड्रॉवर. दिसायला लोखंडी डबा, पण मागून फोनच्या वायरीसारखी एक वायर येते ती प्रिंटरमध्ये जाते. बिल छापलं की प्रिंटर त्या वायरीतून एक झटका देतो आणि ड्रॉवर उघडतो. ती वायर चुकून कॉम्प्युटरच्या लॅनमध्ये किंवा फोनच्या सॉकेटमध्ये घालू नका. चावी नेहमी दोन येतात. एक दुकानात, काउंटरपासून पाच पावलांवर. घेताना नाण्यांचे कप्पे सुटे निघतात का बघा, आणि नोटांच्या चापांना स्प्रिंग आहे का.

या ड्रॉवरमागची कल्पना जुनी आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावात जेम्स रिटी नावाच्या बारमालकाने पहिलं कॅश रजिस्टर बनवलं, ते काउंटरवरची माणसं गल्ल्यातले पैसे खिशात घालत होती म्हणून. हिशेब सोपा व्हावा हा हेतू नंतरचा. आजही तेच आहे. बिलाशिवाय ड्रॉवर किती वेळा उघडला, याची नोंद बरीच सॉफ्टवेअर ठेवतात. घरचीच माणसं काउंटरवर असतील, तर ड्रॉवर नसला तरी चालतं. पगारी माणूस बसत असेल तर घ्या.

स्कॅनर. दोन प्रकार लक्षात ठेवा. वनडी फक्त उभ्या रेघांचा बारकोड वाचतो. टूडी रेघाही वाचतो, क्यूआरही वाचतो, मोबाइलच्या स्क्रीनवरचाही वाचतो आणि चुरगळलेल्या चिप्सच्या पाकिटावर जरा बरा चालतो. दोघांच्या किमतीत आता हजार-दोन हजारांचा फरक राहिलाय, म्हणून मुख्य स्कॅनर टूडी आणि वायरचा घ्या. बिनवायरचा कपड्याच्या दुकानात किंवा गोडाऊनमध्ये ठीक. किराण्यात तो चार्जिंगला लावायचा राहतो, नाहीतर गव्हाच्या पोत्यामागे सापडतो.

स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच आहे. तो अंक टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो, बस. म्हणून तपासायला सॉफ्टवेअर लागत नाही. नोटपॅड उघडा, बिस्किटाचा पुडा स्कॅन करा, तेरा आकडे उमटले पाहिजेत. भारतातल्या कंपन्यांच्या बहुतेक मालावर ते ८९० ने सुरू होतात, कारण तो जीएस१ इंडियाला मिळालेला नंबर आहे. घेताना आपल्या दुकानातला सगळ्यात वाईट माल पिशवीत घालून डीलरकडे न्या. वाकडी बाटली, अगरबत्तीचा फिकट छापलेला पुडा, साबणाचं चकचकीत रॅपर. डीलरच्या टेबलावरच्या डेमो बारकोडवर सगळेच स्कॅनर हुशार असतात.

आणि एक आपल्याकडची भानगड. कॉम्प्युटरचा कीबोर्ड मराठीवर असेल आणि तुम्ही स्कॅन केलं, तर स्कॅनर बिचारा "मराठी" टाइप करतो. आकडे देवनागरीत येतात किंवा भलतंच काहीतरी येतं आणि सॉफ्टवेअर म्हणतं आयटम सापडत नाही. साताऱ्याच्या एका मित्राने यासाठी स्कॅनर दोनदा बदलून आणला होता. भाषा इंग्रजीवर ठेवा, झालं.

याहून मोठी भानगड एमआरपीची. एकाच बारकोडचा माल जुन्या आणि नव्या एमआरपीत एकाच वेळी शेल्फवर असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा तर प्रत्येक दुकानात हे झालं. तेरा आकडे तेच, किंमत वेगळी. हा दोष स्कॅनरचा नाही, कितीही महागडा घेतला तरी तो तेच तेरा आकडे वाचणार. सॉफ्टवेअरने "कुठली एमआरपी?" असं विचारलं पाहिजे. डेमोमध्ये हे मुद्दाम करून बघा. गिऱ्हाईकाशी काउंटरवर होणारी निम्मी वादावादी इथेच असते.

वजनकाटा कोटेशनमध्ये नव्हता, कारण ताईंकडे तो होता. पण त्यांचा सगळा वेळ तिथेच जातो, म्हणून मी त्याच्या पाटीचा फोटो मागवला. प्रत्येक काट्यावर एक पाटी असते. मॅक्स, मिन आणि "ई". ताईंचा काटा ३० किलोचा, ई म्हणजे ५ ग्रॅम, मिन १०० ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमच्या खालचं वजन या काट्यावर करायचंच नाही. आणि ताई त्यावर पन्नास ग्रॅम वेलदोडे मोजत होत्या! वेलदोड्याचा भाव काय, पाच ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर कुणाचं तरी नुकसान नक्की. मसाल्यासाठी १ ग्रॅमच्या भागाचा लहान काटा वेगळा ठेवा. कोणताही काटा असो, वैधमापन खात्याची पडताळणी आणि मुद्रांकन, आपण पासिंग म्हणतो ते, इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी लागतं. प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावा, आणि वजनाचा आकडा गिऱ्हाईकाच्या बाजूनेही दिसू द्या. काटा कॉम्प्युटरला जोडता येतो, वजन थेट बिलात येतं, सुट्या मालात टायपिंगच्या चुका त्याने खूप कमी होतात. त्यासाठी काट्याला मागे सिरियल पोर्ट पाहिजे. असेल, तर वायर जोडायला हरकत नाही, पण सील तोडून आत पोर्ट बसवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

लाइट. कोटेशनमध्ये यूपीएस नव्हता, हे बघून मला खरंच आश्चर्य वाटलं. लाखाचं सामान आणि तीन हजारांचा यूपीएस नाही. ६०० व्हीएचा घेतला, तर पीसी, स्क्रीन, प्रिंटर आणि वायफायचा राउटर हे सगळं चालू बिल संपवून नीट बंद करण्याइतका वेळ चालतं. ए-फोरचा लेझर प्रिंटर, फॅन किंवा फ्रीज त्यावर लावायचा नाही. बसवल्यावर बिल चालू असताना मेन स्विच बंद करून बघा. आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदला, ती सांगून जात नाही.

वायरींबद्दल एक शब्द. किराणा म्हणजे उंदीर. यूएसबीची वायर त्यांना कशी आवडते कोण जाणे. सगळ्या वायरी पीव्हीसीच्या पट्टीतून घ्या आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहा. गर्दीत फोनवर कुणी विचारलं "प्रिंटरची वायर काढून परत लावा", तर मुलीला ती सापडली पाहिजे.

यूपीआयचं फार लांबवत नाही. साउंडबॉक्स घ्या, आणि गिऱ्हाईकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका. गर्दीत नकली स्क्रीनशॉट दाखवणारे असतात. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं किती, ते आधी विचारा. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला एमडीआर नाही, भाडं मात्र आहे. दुसऱ्या बँकेचा एक क्यूआर काउंटरखाली असू द्या, एकीचा सर्व्हर झोपला की दुसरा पुढे.

लेबल प्रिंटर आणि पोल डिस्प्ले ताईंना नकोच म्हणालो. लेबल प्रिंटर तेव्हा लागतो, जेव्हा तुम्ही माल आधीच भरून पाकिटं करून ठेवता. आणि ते सुरू केलं, की पाकिटावर नाव, निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष हे सगळं नियमाप्रमाणे छापावं लागतं. तो पुढचा टप्पा, दिवाळीनंतर बघू. स्वतःचे बारकोड करायचे झाले, तर मनाने ८९० चे नंबर बनवू नका. दुकानातल्या वापरासाठी २० ते २९ ने सुरू होणारे आकडे राखून ठेवलेले आहेत, ते घ्या.

शेवटी ताईंचं कोटेशन आम्ही दोघांनी फोनवर पुन्हा लिहिलं. रिफर्बिश्ड मिनी पीसी आणि स्क्रीन १७,५००. वायरचा टूडी स्कॅनर ३,२००, जोडीला एक वनडी स्पेअर १,३००. तोच ९,००० चा प्रिंटर, तोच ३,८०० चा ड्रॉवर. यूपीएस ३,०००. सॉफ्टवेअर १२,०००. बेरीज ४९,८००, जीएसटी धरून ५८,७६४. ताई कंपोझिशनमध्ये आहेत, म्हणजे खरेदीवरचा जीएसटी त्यांना परत मिळत नाही. जो रेग्युलरमध्ये आहे त्याला तो क्रेडिटमध्ये मिळतो. एकाच कोटेशनची दोन दुकानदारांना दोन वेगळी किंमत पडते ती अशी, आणि म्हणून त्यांच्यासाठी तो बारीक अक्षरातला "एक्स्ट्रा" खरोखरच एक्स्ट्रा होता. सॉफ्टवेअरमध्ये टॅक्स इनव्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय निघेल, एवढं सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्यायला सांगितलं.

उरलेल्या पैशांचं काय करायचं, हे मी सांगितलं नाही. त्यांनीच ठरवलं. थोडे मुलीच्या फीला, आणि थोड्यात मसाल्याचा छोटा काटा.

आमच्या काउंटरवर आज काय आहे ते विचारतात लोक. मिनी पीसी, तीन इंची प्रिंटर, तसाच दुसरा प्रिंटर प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या कप्प्यात, दोन स्कॅनर, आणि उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये बिलबुक. बिलबुक पप्पा ठेवतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते कॉम्प्युटर बंद करायला लावतात आणि तासभर आम्हा सगळ्यांना हाताने बिलं करायला बसवतात. नव्या पोरांना "आईशप्पथ, कशाला" असं होतं. मी काही बोलत नाही.

परवा रविवारी ताईंचं सामान बसलं. रात्री नऊला मेसेज आला: "दादा, पहिल्या दिवशी ६३ बिलं झाली. एकदा लाइट गेली होती, कुणाला कळलंपण नाही. एक विचारायचं राहिलं, ड्रॉवरची दुसरी चावी नेमकी कुठे ठेवू?"